लष्कराचा शिल्लक माल : कमावले कोणी, गमावले कोणी?

रत्नागिरीचा व्यापारी माल भरण्यासाठी मुंबईस गेला की दोन ठिकाणी हमखास डोकावतो. एक चोर बाजार व दुसरे दारूखाना. मिरकरवाड्यातील किंवा राजिवड्यातील नौकामालकास नांगर हवा असतो, साखळी हवी असते, विंच किंवा शाफ्ट हवा असतो. नवा घ्यावा तर परवडत नाही. दारूखान्यात तोच माल जुना, पण भक्कम मिळतो. या दारूखान्याच्या नावातच त्याचा इतिहास आहे. दारू म्हणजे तोफेची दारू. जेथे लढाईचे सामान साठविले जाई, त्या भागात आज लढाईच्या बोटी तोडून लोखंड विकले जाते.

आमच्या लहानपणी घरात खाकी रंगाचे एक जाड ब्लँकेट व कड्या असलेली एक पत्र्याची पेटी होती. वडीलधारी मंडळी त्यांना ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. हा शब्द इंग्रजी आहे हेही आम्हास पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते. ‘डिस्पोजलचे आहे’ म्हणजे टिकाऊ आहे व स्वस्तात मिळाले आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा माल कोठून आला, त्याचे पैसे कोणी भरले आणि नफा कोणाच्या गल्ल्यात गेला, याचा हिशेब आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एकदा समजून घेतला पाहिजे. कारण तसेच लिलाव आजही चालू आहेत आणि त्यात आपण बहुधा तिसऱ्या-चौथ्या हाताचे गिऱ्हाईक असतो.

माल आला कोठून?

दुसऱ्या महायुद्धात जपान ब्रह्मदेशापर्यंत आला आणि हिंदुस्थान हा दोस्तांच्या फौजांचा मोठा तळ झाला. इंग्रज, अमेरिकन, आफ्रिकन व आपल्या पलटणी येथून आघाडीवर जात. त्यांच्यासाठी कल्याण व देवळाली येथे छावण्या उभ्या राहिल्या. देहूरोड, कांदिवली यांसारख्या ठिकाणी कोठारे झाली. बंगालमध्ये पानागड व आसामात लेडो येथे अमेरिकनांनी ट्रक, जीपगाड्या, बुलडोझर व विजेची जनित्रे यांचे ढीग लावले. हा माल समुद्रमार्गे आणणाऱ्या बोटींवर आपल्या कोकणचे खलाशीही होते. त्या युद्धात व्यापारी बोटींवरील सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी कामी आले. कोकणातील खलाशांच्या गावांनाही याची झळ बसली.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली व लढाई एकाएकी थांबली. कारखान्यांतून माल येतच होता आणि तो वापरणारी फौज मात्र घरी जायला निघाली होती. तंबू, ताडपत्र्या, बूट, ब्लँकेटे, दोरखंड, पत्रे, पाइप, औषधे, डबाबंद अन्न, टायर, इंजिने असा अफाट पसारा मागे उरला. तो विकण्यासाठी सरकारने डिस्पोजलचे स्वतंत्र खातेच चालविले. पुढे १९५१ साली सरकारी खरेदी व हे विक्रीखाते एकत्र होऊन डी.जी.एस. अँड डी. ही कचेरी झाली. ती ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

अमेरिकेने मे १९४६ मध्ये हिंदुस्थान सरकारशी करार केला व आपला येथील उरलेला माल विक्रीसाठी सरकारच्या हवाली केला. परत नेण्याचे बोटभाडेच मालाच्या किमतीहून जास्त झाले असते. शिवाय तो माल अमेरिकेच्या बाजारात आला असता तर तेथील कारखानदारांचा धंदा बसला असता. व्यापाराचा हा साधा नियम ध्यानात ठेवावा. विकणारा जेव्हा माल परत नेऊ शकत नाही, तेव्हा भाव घेणाऱ्याच्या हाती असतो. मात्र घेणाऱ्याजवळ रोकड, जागा व वाहतुकीची सोय असली पाहिजे.

‘इंग्रज सोडून गेले’ हे अर्धसत्य

इंग्रज जाताना माल सोडून गेले असे आपण सहज म्हणतो. तो फुकट सोडला असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे.

युद्धकाळात इंग्रज सरकारने येथून जो माल व जी चाकरी घेतली, तिचे पैसे रोख दिले नाहीत. ते लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खात्यावर पौंडांत जमा दाखविले व त्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या गेल्या. नोटा वाढल्या, माल लढाईकडे गेला आणि महागाई भडकली. १९४३ साली कापडावर नियंत्रण आले व त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. युद्ध संपले तेव्हा या पौंड-शिलकेचा आकडा सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेला होता. ही शिल्लक म्हणजे गरीब रयतेने पोटाला चिमटा काढून इंग्रजास दिलेले कर्जच होते.

स्वातंत्र्यानंतर जुलै १९४८ मध्ये अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांच्या नेतृत्वाखाली लंडनमध्ये वाटाघाटी झाल्या. इंग्रजांनी येथे ठेवलेली लष्करी सामग्री व बांधकामे यांची किंमत १० कोटी पौंड ठरली. त्या वेळच्या दराने हे सुमारे १३३ कोटी रुपये होतात. ही रक्कम आपल्या शिलकेतून कापून घेण्यात आली. म्हणजे आमच्या घरातील त्या खाकी ब्लँकेटाची किंमत या देशाने दोनदा मोजली. एकदा महागाईच्या रूपाने आणि दुसऱ्यांदा लंडनच्या खात्यातून.

यापूर्वीचा कोकणातील अनुभव तर याहून कडू आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग, म्हणजे त्यांच्या भाषेतील घेरिया, जिंकला. तेथील सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज त्यांच्या आरमार व फौजेने आपसांत वाटून घेतला. या मोहिमेत त्यांचे दोस्त असलेल्या पेशव्यांना त्यात वाटा मिळाला नाही. त्या वेळी लूट होती, १९४८ साली हिशेबाची वही आली, एवढाच काय तो फरक.

मोठे लॉट, मोठे पेढीवाले

डिस्पोजलचा माल विकताना सरकारी खात्यांची गरज आधी पाहिली जाई व मग लिलाव आणि टेंडरे निघत. लॉट मोठे असत. पाच ताडपत्र्या हव्या असलेल्या माणसास पाच हजारांचा ढीग उचलावा लागे. कोठारे दूर आणि रत्नागिरीस तेव्हा रेल्वे नव्हती. ती जानेवारी १९९८ मध्ये सुरळीत सुरू झाली. त्या काळी कोकणातील व्यापाऱ्याचा मुंबईशी संबंध मुख्यतः आगबोटीचा आणि आगबोट पावसाळ्यात बंद. अशा स्थितीत बोली लावणार ते मुंबई-कलकत्त्याचे पेढीवाले. त्यांच्याकडून तो दलालाकडे, दलालाकडून चोर बाजारात व तेथून बोटीने आपल्या बंदरात येई. प्रत्येक हाताने आपला नफा जोडलेला. आपल्या माणसास तो स्वस्त वाटे, कारण नवा माल बाजारात नव्हताच.

तथापि याच मालाने काहींचे भाग्य घडविले हेही खरे. त्यांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

कल्याणजवळची लष्करी छावणी फौजा गेल्यावर ओस पडली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथील पत्ते ‘कॅम्प नंबर’ सांगूनच दिले जातात. तसेच कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. पोलिश लोक गेले व त्याच जागेत सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर. आपल्या जिल्ह्यातील कापड दुकानदार घाट चढून ज्या गांधीनगरास ठोक खरेदीसाठी जातात, ते लढाईच्या काळातील रिकाम्या बराकींत उभे राहिले आहे. हाती भांडवल नसलेल्या माणसांनी एकमेकांस उधार देऊन, कमी नफ्यावर जास्त माल खपवून या पेठा बांधल्या. घरदार गमावून आलेल्यांनी हे केले, हे विसरता कामा नये.

जीप व ‘महिंद्र अँड मोहम्मद’

दुसरे उदाहरण जीपचे. डोंगर, चिखल, ओढा यांतून जाणारी ही चपळ गाडी लढाईत आली व मागे उरली. कच्च्या रस्त्यांच्या देशात अशी गाडी किती कामाची आहे हे तिने दाखवून दिले. के. सी. महिंद्र युद्धकाळात हिंदुस्थानच्या खरेदी कचेरीचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. मलिक गुलाम मोहम्मद हे सरकारच्या पुरवठा व्यवहारातील जाणकार. महिंद्र बंधू व गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी काढली. मूळ धंदा पोलादाचा. १९४७ साली त्यांनी विलीज जीपचे भाग आणून मुंबईत माझगाव येथे गाड्या जोडण्यास आरंभ केला.

तोवर फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे गव्हर्नर जनरलही. पेढीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हास येथे एवढेच सांगावयाचे आहे की, या मंडळींनी जुन्या जीपगाड्यांचा ढीग विकत घेऊन फायदा साधला असे नाही. उरलेल्या मालाने बाजारात जी गरज निर्माण केली, ती त्यांनी ओळखली. भंगार एकदाच विकता येते. गरज ओळखणाऱ्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो.

स्वस्त मालाचा फास

स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि बुडाले, याचे उदाहरण विमानांचे आहे. युद्ध संपताच डाकोटा जातीची मालवाहू विमाने मोठ्या संख्येने विक्रीस निघाली. ती इतक्या कमी किमतीत मिळू लागली की १९४६-४७ या काळात देशात विमान कंपन्यांचे पीकच आले. विमाने होती, पण उतारू नव्हते. सुटे भाग, पेट्रोल, वैमानिकांचे पगार यांचा खर्च नव्या विमानाइतकाच. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या धंद्याची चौकशी केली. गिऱ्हाईक थोडे व कंपन्या फार, हे दुखणे तिच्या चौकशीत स्पष्ट झाले. अखेर १९५३ मध्ये सरकारने हा धंदा आपल्या ताब्यात घेतला व आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली.

आपल्याकडे एखाद्याने जुनी यंत्रनौका स्वस्तात घेतली व चार पैसे मिळविले की शेजारचे चौघे तेच करतात. मासळी तेवढीच आणि नौका पाच. मग कर्जाचे हप्ते थकतात. डाकोटाची गोष्ट हीच आहे.

याउलट कारागिराच्या हाताचे मोल दाखविणारी गोष्ट लिबरेटर विमानांची. ही चार इंजिनांची अवजड बाँबफेकी विमाने इंग्रजांनी कानपूरच्या तळावर सोडली. सोडण्यापूर्वी ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड करण्यात आली. तज्ज्ञांच्या मते तो निव्वळ भंगार होता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील मिस्त्री व इंजिनिअर मंडळींनी मात्र एका विमानाचा भाग दुसऱ्यास लावून चाळीसच्या आसपास विमाने कामचलाऊ केली. कानपूरहून ती उडवत बंगळूरला नेली व तेथे पक्की दुरुस्ती केली. १९४८ पासून ती आपल्या हवाईदलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत चालली. ज्यांनी मोडली त्यांना भंगार दिसले, ज्यांनी जोडली त्यांना विमान दिसले. आपल्या वर्कशॉपमधील लेथ चालविणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

वाट पाहणाऱ्यांचे काय झाले?

व्यापारात थांबणे चांगले, पण किती? प्रशांत महासागरात न्यू हेब्रिडीज नावाची बेटे होती. तेथे इंग्रज व फ्रेंच यांचे संयुक्त राज्य होते. आजचा वानुआटू देश तो हाच. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी तेथील ट्रक, क्रेन, बुलडोझर व इतर माल अगदी पडेल भावाने देऊ केला. तेथल्या गोऱ्या मंडळींनी विचार केला, हे लोक जाणारच आहेत, माल नेणार नाहीत, मग पैसे कशास द्यावे? अमेरिकनांनी समुद्रात उतार बांधला व गाड्या एकामागून एक पाण्यात लोटून दिल्या. त्या जागेस आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात आणि पाणबुडे पर्यटक ते गंजलेले लोखंड पाहावयास जातात. फुकटाच्या आशेने थांबलेल्यांच्या हाती शेवटी काहीच लागले नाही.

मिऱ्याच्या किनाऱ्यावर आपण काही वेगळे पाहिले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगर तुटून बंधाऱ्यावर येऊन आदळले व वर्षानुवर्षे तेथेच गंजत राहिले. कोकणच्या खाऱ्या हवेत प्रत्येक पावसाळा लोखंडाचे वजन खातो. म्हणून भंगाराच्या धंद्यात तारीख ही वजनाइतकीच महत्त्वाची आहे.

विक्रांतचे लोखंड

इंग्रजांचा शिल्लक माल आपल्याकडे पुढेही येत राहिला. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका मुळात इंग्रजांची ‘हर्क्युलिस’. लढाईत तिचे बांधकाम सुरू झाले, १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि युद्ध संपल्याने ती अर्धवटच ठेवण्यात आली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, पुरी करून घेतली व ४ मार्च १९६१ रोजी आपल्या नौदलात दाखल केली. १९७१ च्या युद्धात तिने कामगिरी केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांस भंगारात विकली गेली. तोडली कोठे? आपल्या दारूखान्यातच. तिचे काही लोखंड एका मोटारसायकल कंपनीने घेतले व २०१६ मध्ये ते लोखंड वापरून केलेली गाडी बाजारात आणली. साध्या लोखंडास नाव व इतिहास जोडला की भाव कसा बदलतो, हे आपल्या कारागिरांनी पाहावे.

आता तर नौका तोडण्याऐवजी बुडविण्याचाही व्यवसाय होऊ घातला आहे. २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे देण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ समुद्रतळाशी तिचे संग्रहालय करावे अशी योजना आहे. १९८१ पर्यंत हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. नौकेचे लोखंड भंगारवाल्यास मिळो वा न मिळो, पाणबुड्यांच्या होड्या, दुरुस्ती, खाणावळी व राहण्याची सोय या रूपाने किनाऱ्यावरील माणसास काम मिळू शकते.

एक गोष्ट जिवाची

नफ्याच्या गोष्टी झाल्या, आता धोक्याची. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्याच बोटीत कापसाच्या गाठी, तेल व सोनेही भरले होते. कापसास आग लागली व दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, अनेक बोटी बुडाल्या आणि गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. दारूगोळा व साधा माल एकत्र ठेवण्याचा तो परिणाम.

हा धोका लढाईबरोबर संपला नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत रोजंदारीची गरीब माणसे होती. अहमदनगरजवळच्या गोळीबार मैदानावर तोफगोळ्यांचे तुकडे वेचताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. आमची भंगार घेणाऱ्या प्रत्येक दुकानदारास कळकळीची विनंती आहे. कोणी पितळी टोपण, तोफगोळ्याचे कवच किंवा न उघडलेला डबा घेऊन आला तर भाव विचारू नका, त्यावर हातोडा किंवा गॅस कटर चालवू नका. त्यास दूर ठेवा व पोलिसांस कळवा. मच्छिमारांच्या जाळ्यात असे काही आले तर तेही बंदरात आणू नये. दोन किलो पितळेसाठी घर उजाड करून घेण्यात व्यापार नाही. लष्कराच्या कायदेशीर लिलावातही जिवंत दारूगोळा कोणास विकला जात नाही, हे लक्षात असू द्यावे.

आजचा लिलाव कसा चालतो?

पूर्वी लिलाव पुकारून होत. आज तो बहुतांशी संगणकावर होतो. १९६४ मध्ये स्थापन झालेली एम.एस.टी.सी. ही सरकारी कंपनी लष्कर, नौदल व अनेक सरकारी खात्यांचा शिल्लक माल अशा रीतीने विकते. म्हणजे आता मोठ्या पेढीवाल्याच्या वशिल्याशिवाय रत्नागिरीत बसून बोली लावता येते. ही मोठी सोय आहे. मात्र नियम पक्के माहीत हवेत.

पहिली गोष्ट, नोंदणी. त्यासाठी जी.एस.टी. क्रमांक, पॅन, बँक खाते ही कागदपत्रे लागतात. बोलीपूर्वी अनामत रक्कम भरावी लागते. बोली मंजूर होऊन मुदतीत पैसे न भरल्यास अनामत जप्त होते.

दुसरी गोष्ट, ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट. माल नंतर खराब निघाला तर सरकार जबाबदार नाही. याचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. एका लिलावात ताडपत्र्यांचा लॉट घेतला. वरच्या दहा-बारा उघडून पाहिल्या, चांगल्या होत्या. घरी आणून सोडल्या तेव्हा आतल्या घड्या कुजलेल्या निघाल्या. तक्रारीस वाव नव्हता, कारण पाहण्याची संधी दिली होती व आम्ही घाई केली होती. तेव्हापासून पाहणीच्या दिवशी आम्ही कारागीर बरोबर नेतो. इंजिन असेल तर मेकॅनिक व लोखंड असेल तर फॅब्रिकेटर. त्याची एक दिवसाची मजुरी हा सर्वात स्वस्त विमा आहे.

तिसरी गोष्ट, उचल. मुदतीत माल हलविला नाही तर जागाभाडे चढते. ट्रक, क्रेन, कटर, मजूर व काटा यांचा खर्च बोली लावण्यापूर्वी काढावा. बोलीच्या किमतीवर कर वेगळा असतो हेही विसरू नये. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास जी.एस.टी. स्वतः भरावा लागतो. फेरीवाल्यांकडून माल घेणाऱ्या दुकानदारांनी आपल्या हिशेबनीसास हे विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट, वाहने. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते व ती अधिकृत स्क्रॅप केंद्राकडे जातात. लष्कराच्या खास वाहनांना हा नियम नाही. तेव्हा ‘सरकारी जुनी जीप घेऊन रस्त्यावर चालवू’ हा जुना हिशेब आता जपून करावा. कागद पाहिल्याशिवाय विसारही देऊ नये.

एकट्याने नव्हे, मिळून

१९४६ साली लॉट मोठा होता व आपला माणूस एकटा होता, म्हणून तो बाहेर राहिला. आज लॉट मोठाच आहे. पण पाच-सात जण मिळून भागीदारी पेढी किंवा सहकारी संस्था काढू शकतात. एक नौकांचे सामान जाणणारा, एक वेल्डर, एक ट्रकवाला, एक हिशेब ठेवणारा आणि दोघे भांडवलवाले. भागीदारीचा कागद आधी करावा. नफा-तोट्याचा वाटा, माल कोण पाहणार, कोण विकणार, हे लिहून ठेवावे. तोंडी भरवशावर झालेल्या भागीदाऱ्या नफ्यातसुद्धा मोडतात, हा आपल्या मोहल्ल्यातील अनुभव आहे.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. उघडपणे एकत्र येऊन एकच बोली लावणे हा व्यापार आहे. आतून ठरवून वेगवेगळ्या नावांनी खोट्या बोल्या लावणे व भाव पाडणे हे संगनमत आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्यास बंदी आहे आणि इमानदारीनेही आहे.

तसेच ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट सरकार व आपण यांच्यातील आहे. तो माल आपण मिरकरवाड्यातील तांडेलास विकतो तेव्हा ती ढाल आपल्या हाती नसावी. साखळीची कडी झिजलेली असेल तर ती दाखवून विकावी, भाव कमी घ्यावा. भर समुद्रात ती साखळी तुटली तर नौकेबरोबर माणसेही जातात. मालातील ऐब सांगून केलेला सौदा हाच हलाल नफा, हे आपल्या वाडवडिलांनी दुकानाच्या पहिल्याच दिवशी शिकविले आहे. या धंद्यात गिऱ्हाईक पुन्हा येते ते याच एका कारणाने.

इंग्रजांच्या मालाचा हिशेब लंडनमध्ये झाला. तो करताना आपल्या कारागिरास, खलाशास कोणी विचारले नाही. आजचा लिलाव निदान आपल्या डोळ्यांसमोर होतो, त्याची यादी कोणासही वाचता येते व पाहणीचा दिवस जाहीर असतो. त्या दिवशी तेथे आपण असावे, हातात टॉर्च, टेप व वही असावी आणि बरोबर एक जाणता मिस्त्री असावा. एवढी तयारी असलेल्या रत्नागिरीच्या माणसास आपले सामान चौथ्या हाताने घेण्याचे कारण उरणार नाही.